पोशीबय आणि तिचे पाहुणे

पोशी मेंगाळ सगळ्यांना 'अरे-तुरे' करायची. मला, म्हणजे वाडीच्या एकशिक्षकी शाळेतल्या गुरुजीला, 'तू' म्हणायची. मुरबाडच्या डॉक्टरला, म्हसा गावच्या वाण्याला, वनखात्याच्या साहेबालाही 'तू'च. तिच्या बोलीत मोठ्या माणसांसाठी वेगळा शब्द राखून ठेवलेला नव्हता, एवढंच त्यामागचं कारण. शहरातून आलेल्यांना त्यात कधी माया दिसायची, कधी उद्धटपणा. 'तुमी' ती फक्त भांडताना वापरायची. त्यामुळे पोशीबयच्या तोंडून 'तुमी' आलं, की वाडीतली माणसं हातातलं काम थांबवून बघायला लागायची.

भोकरवाडी सिद्धगडाच्या कुशीत होती. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं तेव्हा माझी तिथे नेमणूक झाली. घर आसनगावला. माझ्या बरोबरीची मुलं पास काढून कल्याण-मुंबईला नोकरीला जायची. मी उलट्या दिशेने सरळगाव, मुरबाड करत म्हशाच्या रस्त्याला एसटीतून उतरायचो आणि पुढे दोन तास चढायचो. पहिल्या दिवशी शाळेच्या पडवीत पिशवी टेकवली तेव्हा समोर एक बाई उभी होती. पन्नाशीची असेल, किंवा साठीची. कासोटा घातलेलं लुगडं, कमरेला लाकडी आकडी, आकडीत कोयता. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "काय केलंस रे, हिकडं पाठवला तुला?"

माझ्या आधीचे तिन्ही गुरुजी शिक्षा म्हणून तिथे आले होते. मी काहीच केलेलं नाही असं सांगितल्यावर तिला माझ्याबद्दल जरा वाईट वाटलं. "मंग तुला कोणी वालीच नसंल," ती म्हणाली, आणि संध्याकाळी नाचणीची भाकर नि करांद्यांचं, म्हणजे रानकंदांचं, कालवण पाठवून दिलं.

वाडी तेव्हा अभयारण्यात होती. म्हणजे वाडी जागची हलली नव्हती. अभयारण्यच येऊन तिच्याभोवती बसलं होतं. लोकांना त्याची खबर बऱ्याच उशिरा लागली, आणि तीही कोणाचा तरी कोयता जप्त झाला तेव्हा. पोशीबयचं म्हणणं असं, की रानाला नवीन नाव ठेवलंय तर बारसं जेवायला तरी बोलवायचं होतं.

अभयारण्य झालं तसे पाहुणे येऊ लागले. त्यातला पहिला मोठा गट आला डोंबिवलीहून. पंचवीस माणसं, गळ्यात शिट्ट्या, पाठीवर पिशव्या. त्यांचे म्होरके टिपणीस. विमा कंपनीतून निवृत्त झालेले, उंच, सडपातळ, आवाज मऊ आणि हातात वही. आधी मला पत्र आलं होतं, 'वाट दाखवणारी आणि स्थानिक वनस्पतींची माहिती असणारी व्यक्ती हवी.' मी पोशीबयला विचारलं. ती म्हणाली, "वाट दाखवायला काय, वाट हायेच."

टिपणिसांनी सगळ्यांना शाळेसमोर गोल उभं करून सांगितलं, की हे सह्याद्रीतलं रेन फॉरेस्ट आहे. पोशीबयने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "पावसाचं रान."

"मंग बाकीची रानं कशाची असत्यात?" तिने विचारलं. टिपणिसांनी ते वहीत लिहून घेतलं.

ती कधी पुढे चालायची नाही, पाहुण्यांच्या मागून चालायची. वाट चुकली की मागून फक्त "हं" म्हणायची. पाहुणे थांबत, वळत, दुसरीकडून जात. मी विचारलं, की तू पुढे का होत नाहीस? "पुढं गेले तर ते माझी पाठ बघत्यात. रान बघाया आलेत ना?" झाडाचं नाव विचारलं तर नाव सांगायच्या आधी ती त्या झाडाचा स्वभाव सांगायची. हे खोटारडं, फुलतं भरपूर नि फळ चार. हे भांडखोर, शेजारी कोणाला वाढू देत नाय. पाहुणे हसायचे आणि मग फोटो काढायचे. झाडाचे कमी, तिचेच जास्त. शेकरूचं घरटं दाखवायला तिने बोट वर केलं, तर पाच जणांनी तिच्या बोटाचा फोटो काढला.

दुपारी तिच्या घरी जेवण होतं. एका बाईंनी चुलीवरच्या मडक्याचं झाकण उघडून आत पाहिलं. कोणी उतरंडीतली गाडगी हलवून पाहिली. टिपणीस प्रश्न विचारत होते. तुम्ही इथे किती पिढ्या आहात? तुमचं दैवत कोणतं? पारंपरिक अन्न कोणतं? ती भात वाढता वाढता उत्तरं देत होती. शेवटी त्यांनी नाच बघायची इच्छा सांगितली. नाच दिवाळीत असतो, आज भात झोडायचंय, असं तिने सांगितलं. पण मंडळी लांबून आली होती. मग तिने मुलीला, चांगीला, आणि आणखी चार बायकांना खळ्यावरून बोलावलं. भर उन्हात, ढोलकीशिवाय त्या दहा मिनिटं नाचल्या आणि परत झोडणीला गेल्या.

निघताना टिपणीस भारावले होते. पत्ता लिहिलेली चिठ्ठी तिच्या हातात देऊन म्हणाले, "या एकदा आमच्याकडे."

शहरात हे वाक्य कशासाठी वापरतात हे मला ठाऊक होतं. तिला नव्हतं. किंवा होतं, आता सांगता येणार नाही.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी ती सकाळीच माझ्या दारात उभी राहिली. सोबत चांगी आणि नाचलेल्या त्या चौघी. सगळ्यांची लुगडी धुतलेली. एका टोपलीत करांदे, वालाची पुरचुंडी आणि बाटलीत मध. "चल, टिपणिसाकडं जायचंय. वाट तू दाखव."

कल्याणपर्यंत एसटीने आणि पुढे दोन रिक्षांत कोंबून आम्ही पोचलो. इमारतीच्या रखवालदाराने सगळ्यांची नावं वहीत लिहायला लावली, आणि कामाच्या रकान्यात काय लिहू म्हणून मला विचारलं. पोशीबय म्हणाली, "बगाया आलोय म्हणून लिव."

टिपणिसांनी दार उघडलं तेव्हा ते बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांच्या लेंग्यात होते. त्यांचा चेहरा आठवला की अजून मला त्यांची दया येते. पण माणूस भला. "या, या," म्हणाले. सहा बायका आत गेल्या आणि जमिनीवर बसल्या. पाणी झालं, चहा झाला. मग पोशीबयने विचारायला सुरुवात केली. तिच्या स्वरात खोडी नव्हती. पाहुण्याने यजमानाला असे प्रश्न विचारायचे असतात हे ती त्यांच्याकडूनच शिकली होती, आणि रीत म्हणजे रीत.

"हितं किती पिढ्या झाल्या तुला?"

"पिढ्या म्हणजे... बावीस वर्षं झाली."

"त्याच्या आदी?"

"गिरगावात होतो. भाड्याने."

"तिथून कोणी उठवला?"

"उठवलं नाही कोणी. आम्हीच आलो. जागा लहान पडत होती."

तिने समजल्यासारखी मान हलवली. मग चांगी उठून स्वयंपाकघरात गेली आणि कुकरचं झाकण उघडायचा प्रयत्न करू लागली. दुसरीने फ्रिज उघडला आणि आतला दिवा बघून बंद केला, पुन्हा उघडला, पुन्हा बंद केला. खिडकीत कुंडी होती, मोठ्या चकचकीत पानांची.

"याचं काय खाता?" पोशीबयने विचारलं.

"खात नाही. शोभेचं झाड आहे."

"औषद?"

"नाही."

"सावली पडती?"

टिपणिसांनी त्या झाडाकडे असं पाहिलं, की जणू ते आजच कोणीतरी आणून ठेवलं असावं. "नाही," ते म्हणाले.

शेवटी चहाची कपबशी बाजूला सारून पोशीबय म्हणाली, "आता तुमचा नाच दाखव."

मी जमिनीकडे पाहत होतो. टिपणीस म्हणाले, की आमच्यात तसा नाच नसतो. तेवढ्यात त्यांच्या पत्नी सुमतीबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. इतका वेळ त्या आतून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "असतो की. तुम्हाला काय माहीत." त्यांनी पदर खोचला, चांगीचे दोन्ही हात क्रॉस धरले आणि फुगडी घालायला लागल्या. साठीची बाई, गुडघे दुखणारी. आधी हळू, मग जोरात. श्वास लागला तरी थांबेनात. दुसरी फुगडी पोशीबयबरोबर झाली. कपाटावरचा स्टीलचा डबा खाली पडला. दारावरची बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या बाई विचारायला आल्या होत्या, की आवाज कसला येतोय. पोशीबय धापा टाकत म्हणाली, "हिला बी घे."

परतताना एसटीत ती रिकामी टोपली मांडीवर घेऊन बसली होती. मुरबाड आल्यावर म्हणाली, "बाई चांगली हाये. पण तिला कोणी विचारीत नाय वाटतं."

टिपणीस त्यानंतर दरवर्षी यायचे, पण वही आणायचे नाहीत. सुमतीबाई एकदा आल्या, डोलीतून. पुढच्या दिवाळीत त्यांच्या सोसायटीच्या अंकात टिपणिसांनी लेख लिहिला, 'अरण्यातली निरागस माणसं.' मी तो पोशीबयला वाचून दाखवला. निरागस म्हणजे काय, तिने विचारलं. मी बराच प्रयत्न केला. मनात कपट नसलेली, जगाचे छक्केपंजे न कळणारी, वगैरे. तिने सगळं ऐकलं.

"म्हंजे येडी," ती म्हणाली. "बरं लिवलंय. सुमतीला सांग, पोशीनं विचारलंय."

पुढे दोन हजार सालच्या आसपास एका पावसाळ्यात वाडीच्या वरच्या कड्याला भेग पडली. दरड काही खाली आली नाही, पण आठ दिवस कोणी झोपलं नाही. मग वनखात्याचे साहेब आले. वाडी खाली सपाटीवर हलवायची, म्हशाच्या बाजूला प्लॉट मिळतील, रस्ता, नळ, दवाखाना जवळ. साहेबांचं बोलणं चुकीचं नव्हतं. चांगीला तर खाली जायचंच होतं. तिचं पहिलं बाळंतपण डोलीत, उतारावर झालं होतं आणि ते मूल खाली पोचलं नव्हतं. आता तिची दुसऱ्या खेपेची मुलगी पावलं टाकू लागली होती. वाडीतल्या तरुणांपैकी वर राहायचं म्हणणारा एकही नव्हता.

साहेब शाळेच्या ओट्यावर उभं राहून म्हणाले, की जंगलात माणसाचा पाय पडू नये, तरच ते टिकेल. मागे बसलेली पोशीबय उठली.

"तुमी वर आलात कशावरून?"

वाडी वळून बघायला लागली. कोणीतरी विडी विझवली.

"पायवाटेवरून," साहेब म्हणाले.

"ती कोणाच्या पायाची?"

साहेब हसले. 'चांगला मुद्दा' म्हणाले आणि सोबतच्या माणसाला तो टिपून घ्यायला सांगितलं. तो कुठे टिपला गेला ते कळलं नाही.

महिन्याभराने यादी करायला कारकून आला. ठाण्याकडचा, नवखा, चढणीने बेजार झालेला. यादी लिहायला शिक्षक म्हणून मला धरलं होतं. घरं अशी रानभर विखुरलेली, की ती दाखवायला कोणीतरी हवं होतं. अर्थातच पोशीबय आली. कारकुनाची कागदांची जड पिशवी तिने डोक्यावर घेतली आणि सवयीप्रमाणे आमच्या मागून चालू लागली. प्रत्येक घरापाशी कारकून ओरडायचा, "घरात कोण आहे?" आतून माणूस यायचा, नाव सांगायचा, कारकून बोलायचा आणि मी लिहायचो.

दुपार कलली तेव्हा आम्ही शेवटच्या घरापाशी आलो. कुडाच्या भिंती, दाराला दोरीची गाठ. कारकून ओरडला, "घरात कोण आहे?"

घरात कोणी नव्हतं. घरात राहणारी बाई त्याच्यामागे दोन हातांवर त्याचीच पिशवी डोक्यावर घेऊन उभी होती. सकाळपासून तो तिच्याशी बोलत होता, तिने दिलेलं पाणी प्यायला होता, पण तू कुठे राहतेस हे विचारायचं त्याला सुचलं नव्हतं. त्याने पुन्हा हाक मारली. मी पोशीबयकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मग डोक्यावरची पिशवी थोडी सरळ केली आणि बाजूच्या हिरड्याच्या झाडाकडे बघत राहिली, जसं काही त्याला आजच फळ धरलंय.

"लिहा," कारकून म्हणाला. "घर बंद."

मी लिहिलं.

पुढचे पंधरा दिवस मला चैन नव्हतं. शेवटी मी तिच्या नावाने अर्ज लिहिला. 'सर्वेक्षणाच्या वेळी अर्जदार घरी उपस्थित नसल्याने...' आणि तो घेऊन तिच्याकडे गेलो. ती वाल सोलत होती. मी वाचून दाखवला.

"हा दिला तर काय होईल?"

"यादीत नाव लागेल. खाली घर मिळेल."

"आन् नाय दिला तर?"

"तर कागदावर तू इथे राहतच नाहीस."

तिने थोडा विचार केला. "मंग बरं हाये. नसलेल्या माणसाला उठवाया कोण येणार?" तिने अर्जाची घडी केली आणि छपराच्या वाशात खोचली. मी दुसरा लिहून परस्पर पाठवू शकलो असतो. पाठवला नाही. बरोबर केलं की चूक, ते मला आजही सांगता येत नाही.

सगळ्यांनी उतरायचं ठरलं तो दिवस हिवाळ्यातला होता. टेम्पो खाली सडकेवर थांबलेला. माणसं भांडी, कवाडं, वासे डोक्यावर घेऊन उतरत होती. चांगी आईच्या ओट्यापाशी आली. कडेवर मुलगी, दुसऱ्या हातात कोंबड्यांची टोपली.

"आय, चल."

"माझं नाव नाय त्यात."

"नाव लागंल. तवर माझ्या घरात राहा."

"तुझं घर केवढं? तू, तुझा नवरा, पोर. मी कुठं निजू?"

"ओट्यावर निज."

"ओटा मला हितं हाये गो."

चांगी माझ्याकडे वळली. "गुरुजी, यादी तुमीच लिवली ना?"

मी हो म्हटलं. इतक्या वर्षांत ती मला पहिल्यांदाच 'तुमी' म्हणाली होती. पोशीबयने मध्ये पडायची तसदी घेतली नाही. ती नातीला कडेवरून उतरवून मांडीवर घेऊन तिच्या पायातला काटा काढत होती. चांगीने टोपली खाली ठेवली, तिच्यातल्या दोन कोंबड्या काढून ओट्यावर सोडल्या आणि मुलीला उचलून उतरायला लागली. वळणावर तिने मागे पाहिलं नाही. पोशीबय मात्र पोरीच्या टाचेतून निघालेला काटा बोटांत धरून बराच वेळ बसली होती.

शाळा बंद झाली. माझी बदली वैशाखरे गावाच्या बाजूला झाली. टिपणीस गेल्याचं सुमतीबाईंच्या पत्रातून कळलं. पोशीबयचं कोणी ना कोणी सांगायचं. ती वर एकटीच आहे. वाल लावते, मध काढते. वनरक्षक गस्तीला जातो तेव्हा तिच्याकडेच जेवतो आणि खाली येऊन नोंदवहीत लिहितो, 'मानवी वस्ती निरंक.' वरच्या साहेबांनी एका बैठकीत भोकरवाडीचं उदाहरण दिलं म्हणे, की माणसं हलल्यावर रान कसं दाट झालं बघा. रान खरंच दाट झालं होतं.

तीनेक वर्षांनी मी एकदा वर गेलो. जुनी पायवाट बुजली होती, दोनदा चुकलो. मागून 'हं' म्हणणारं कोणी नव्हतं. शाळेच्या जोत्यावर घाणेरीची झुडपं माजली होती. पोशीबय परसात वानरांना हाकलत होती. केस पांढरे झाले होते आणि ती वाळली होती, पण कोयता आकडीत होता. मला बघून म्हणाली, "आलास? आता काय केलंस?"

जेवलो. खालची माणसं कशी आहेत ते तिने एकेकाचं नाव घेऊन विचारलं. चांगीचं नाव घेतलं नाही. मीच सांगितलं, की ती बरी आहे, मुलगी शाळेत जाते, नळाला एक दिवसाआड पाणी येतं. ती ऐकत होती, पण मान वर केली नाही.

निघालो तेव्हा ती मला पोचवायला कड्याच्या टोकापर्यंत आली. तिथे एक सपाट खडक आहे. तिथून सगळी सपाटी दिसते. खाली नव्या वस्तीचे पत्रे उन्हात चकाकत होते, एका रेषेत, सगळे सारखे. ती खडकावर बसली आणि बोटाने दाखवलं, "त्या आंब्यापासून तिसरं. ते चांगीचं."

मला पत्र्यांच्या रांगेपलीकडे काही दिसत नव्हतं.

"आता नाय दिसायचं. सकाळी धूर निघतो. रोज येऊन बगते मी. धूर दिसला की मग घरी जाऊन माझी चूल पेटवते."

"आणि नाही दिसला तर?"

"एकदा दोन दिस नाय दिसला. तिसऱ्या दिशी उतराया लागले. निम्म्या वाटंवर होते तवर निघाला." ती हसली. "पोरगी तापली होती म्हणं. मागून कळलं."

मी विचारलं, "तुझा धूर तिला दिसतो का?"

तिने मागे वळून रानाकडे पाहिलं. हिरडे, जांभळी, आंबे, अंजनी, एकात एक गुंतलेले. घराचं छप्परही त्यातून दिसत नव्हतं.

"नाय," ती म्हणाली. "झाडं लई झाल्यात."

मी उतरायला लागलो. पहिल्या वळणावर थांबून वर पाहिलं. वाटलं होतं, ती मला बघत असेल. पण ती तशीच खडकावर बसून होती, डोळ्यांवर आडवा हात धरून, माझ्या डोक्यावरून पार खाली, त्या पत्र्यांच्या रांगेकडे बघत.